शेरा

गट नंबर तीनशे बारा, मौजे मातोरी, तालुका जिल्हा नाशिक.
सकाळचे सव्वादहा.
रोव्हर बांधावर एका पायावर उभा,
आभाळात उपग्रह शोधतोय.
रंगनाथ पिंगळे विचारतात, "झालं का?"
मी म्हणतो, "अजून तरंगतंय."

सोबत पाहुणी आहे, टांझानियाची,
तिथल्या मोजणी खात्यातली, मोशी गावची.
चार दिवस आमच्या कचेरीत
बस्त्यांच्या धुळीत शिंकत हिंडली.
टिपण, फाळणी, गुणाकार बुक.
एक नकाशा तर तिनं नाकाला लावून हुंगला.
नाव ऐकाएली.
आमचा शिपाई सुकदेव चहा आणला की ओरडायचा,
"ऐका, एली!"
आणि सगळी कचेरी
क्षणभर खरंच ऐकायची.

काल विचारत होती, ही साखळी कसली?
तेहतीस फुटांची, म्हटलं. सोळा आण्यांची.
"जमीन आण्यांत? कोणी ठरवलं?"
ज्यानं ठरवलं तो गेला, साखळी ठेवून.
ती हसली. "आमच्याकडे दोघे येऊन गेले,
एकामागून एक."
मग कितीतरी वेळ
कड्या बोटांनी मोजत बसली.

फिक्स.
मशीननं एकदाच आवाज केला
आणि रेघ पडली कुंपणाच्या अलीकडे.
चार आणे. सव्वाआठ फूट.
म्हणजे पिंगळ्यांचं कुंपण
ठकूबाई थेटेंच्या रानात.

"हा शेर माझ्या खापरपणजोबानं लावला," पिंगळे म्हणाले,
"हितला हाये, मातीतला.
तुमचं यंत्र कालचं."
खरंच जुना शेर, मनगटाएवढ्या खोडांचा,
आतून वाट नाही, कोंबडीसुद्धा शिरत नाही.

ऐकाएली पुढे गेली.
एक कांडी मोडली. पांढरा चीक टपकला.
म्हणाली, "मन्यारा."
आमच्याकडे या नावाचं तळं आहे, सांगत होती,
गुरांचे वाडे याच्याच कुंपणाचे.
हे झाड तिकडचं. आमचं.
इकडे कधी आलं?

मी पंचवीस वर्षं फेरफार वाचतोय.
वारस, बक्षीसपत्र, हक्कसोड, बोजा.
या नोंदीचा नंबर मला सांगता आला नाही.

पिंगळ्यांना मराठीत सांगितलं तेव्हा
सकाळपासून गप्प असलेल्या ठकूबाई
पदर तोंडाला लावून हसल्या.
"मंग धाडा की त्याला त्याच्या घरी.
सव्वाआठ फूट तरी सरकंल."

मग तिनं तिच्या डोंगराचं सांगितलं.
तिथे हद्दीवर वेगळंच झाड लावतात,
लांब पानांचं, त्याला म्हणतात मसाले.
(ठकूबाईंनी वळून बघितलं. मीही चुकून हिंग-जिरं ऐकलं.)
ज्याची चूक, त्यानं त्याचं पान घेऊन
शेजाऱ्याच्या दारात जायचं.
पान समोर धरलं की
शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही.
कितीही मोठं भांडण असो.

मी शक्य तेवढं भाषांतर केलं.
पिंगळे म्हणाले, "आमच्याकडं नोटीस आणत्यात."

पंचनामा लिहायला बसलो.
तिकडे ठकूबाई तांब्यातून
ऐकाएलीच्या हातावर पाणी घालत होत्या,
"डोळ्याला हात लावू नको बाई, चीक वाईट, आंधळी व्हशील."
मी भाषांतर करायला तोंड उघडलं
तर ती आधीच मान हलवत होती,
हात अंगापासून लांब धरून,
आईनं दटावलेल्या पोरीसारखे.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
लगतदार हजर. कुंपण हद्दीपलीकडे चार आणे.
"आणे" खोडलं. २.५१ मीटर लिहिलं.
लगतदारानं सही करण्यास नकार दिला.
रकाना तेवढाच असतो.

निघताना पिंगळ्यांनी मोटारसायकलला किक मारली,
परत बंद केली.
माझ्याकडे न बघता विचारलं,
"ते पान… कुठल्याबी झाडाचं चालतं का?"

मी ऐकाएलीला काही विचारलं नाही.
कुंपणाकडे पाहिलं.
शेराला तर पानं नसतातच,
असली तरी
दिसतील न दिसतील एवढी.